महाविद्यालयीन रंगभूमी आणि विनोद : संमेलन, स्पर्धा व संस्था

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात नाटक व्हावयाचे तर ते विनोदी असावे, अशी प्रेक्षकांची जवळजवळ मागणीच असते; आणि तेच महाविद्यालय एकांकिका स्पर्धेस संघ पाठवावयाचा म्हटले म्हणजे तातडीने गंभीर विषयाच्या शोधास लागते. शहाड, कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यातील महाविद्यालयांशी ज्यांचा अध्यापनाच्या निमित्ताने संबंध आला आहे, त्यांनी हा प्रकार प्रतिवर्षी पाहिलेला असेल. जो विद्यार्थी डिसेंबरात 'शेलापागोट्यां'च्या कार्यक्रमात प्राध्यापकांच्या लकबी हुबेहूब उचलून सभागृह डोक्यावर घेतो, तोच ऑगस्टात स्पर्धेच्या तालमीत ओढूनताणून दुःखी चेहरा करून उभा असतो. विनोद हा घरचा आणि करुण हा बाहेर मिरवावयाचा, अशी ही विभागणी कशी झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचारास आरंभ करण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. विद्यार्थ्यांनी विनोदी नाटक करणे ही एक गोष्ट. विद्यार्थ्यांची विनोदी नाटकास वाहिलेली संस्था असणे ही दुसरी. पहिली आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. दुसरी मात्र, तिच्या संपूर्ण अर्थाने, मराठीत उभीच राहिली नाही. तिच्याऐवजी आपण स्पर्धा उभी केली. संस्था आणि स्पर्धा यांचा विनोदावर होणारा परिणाम सारखा नसतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मराठी रंगभूमीवर विनोद आला तो मागील दाराने. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला, तेव्हा त्यातील विदूषक सूत्रधाराशी थट्टा करीत असे. परंतु त्या थट्टेस स्वतंत्र नाट्यरूप नव्हते. मुंबईत इंग्रजी नाटकांच्या अखेरीस छोटा हास्यप्रधान खेळ जोडण्याची चाल होती. ती प्रथम पारशी मंडळींनी व त्यांच्या मागोमाग मराठी मंडळींनी उचलली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पौराणिक खेळानंतर 'फार्स' करण्याची रूढी पडली. शब्दही इंग्रजीच राहिला. पुढे त्यास 'प्रहसन' हे संस्कृत नाव मिळाले खरे, तथापि नाटकमंडळींच्या तोंडी 'फार्स' हाच शब्द कायम राहिला. हे फार्स गद्यात असत. त्यांत सावकार, दारूबाज, जरठवर, नवशिक्षित बाबू अशी समकालीन माणसे येत. देवदानवांच्या आरडाओरड्यानंतर प्रेक्षकास आपल्या आळीतील माणूस रंगभूमीवर दिसू लागला तो या शेपटाच्या नाटकांत. सामाजिक गद्य नाटकाचे एक मूळ येथे आहे, ही गोष्ट आपले नाट्येतिहासकार सांगतात, पण ती भरभर सांगून पुढे जातात.

याच काळात महाविद्यालयीन तरुणांचा नाटकाशी संबंध जडू लागला. एल्फिन्स्टन कॉलेजातील पारशी विद्यार्थ्यांनी १८६० नंतर इंग्रजी नाटके करण्यासाठी मंडळ काढले. विनायक जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले व ते १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. येथेच एक लक्षणीय गोष्ट दिसते. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या मराठी विद्यार्थ्याने स्वतंत्र नाटक लिहिण्याचा पहिला नावाजलेला प्रयत्न केला, तो शोकान्त ऐतिहासिक नाटकाचा. फार्स हा नाटकमंडळींचा पोटापाण्याचा माल; शिकलेल्याने हात घालावयाचा तो शेक्सपिअरच्या वळणाच्या गंभीर नाटकास, अशी प्रतवारी त्या वेळेपासूनच रूढ झाली असावी.

पुढच्या पिढीतील प्राध्यापकांनी ही प्रतवारी काही अंशी मोडली. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकविणाऱ्या वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'द टेमिंग ऑफ द श्रू' या सुखान्तिकेचे 'त्राटिका' हे रूपांतर केले, आणि शाहूनगरवासी मंडळीने गणपतराव जोशी व बाळाभाऊ जोग यांच्या भूमिकांनी ते गाजविले. गोविंद बल्लाळ देवलांचे 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे १८९३ मधील. मोलिएरच्या १६६० मधील 'स्गानारेल'वरून आर्थर मर्फीने 'ऑल इन द राँग' रचले, त्यावरून देवलांनी हे नाटक घेतले आणि १९१६ मध्ये त्यास संगीताची जोड मिळून ते 'संशयकल्लोळ' झाले. फ्रान्समधून इंग्लंडमार्गे पुण्यास आलेला हा संशयी नवरा आजही परका वाटत नाही. तात्पर्य, उच्च शिक्षणाने मराठी विनोदी नाटकास रूपांतरकार दिले, लेखक दिले, रसिक दिले. परंतु वर्षानुवर्षे विनोदच करीत राहील आणि पुढच्या तुकडीच्या हाती आपले कसब सोपवील असे विद्यार्थ्यांचे मंडळ दिले नाही.

हा विनोद नेहमी पुरोगामी होता, असेही मानण्याचे कारण नाही. नारायण बापूजी कानिटकरांची 'तरुणीशिक्षणनाटिका' १८८६ ची. तिचा रोख स्त्रीशिक्षणाची टर उडविण्याकडे होता. शिकलेल्या स्त्रीची थट्टा हा सुशिक्षितांच्या विनोदाचा एक आवडता विषय दीर्घकाळ राहिला, आणि संमेलनांतील नकलांतून तो अद्याप पुरता गेलेला नाही.

येथे तुलनेसाठी केंब्रिज विद्यापीठातील 'फुटलाइट्स' या मंडळाचा वृत्तान्त थोडा विस्ताराने पाहणे इष्ट आहे. कारण विद्यार्थ्यांच्या विनोदी नाट्यसंस्थेचे इतके दीर्घजीवी उदाहरण क्वचितच सापडेल. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ओळीने लावलेल्या दिव्यांवरून मंडळास हे नाव पडले. त्याचा पहिला अधिकृत प्रयोग जून १८८३ मध्ये झाला. तत्पूर्वी काही महिने ही मुले केंब्रिजच्या आसपास किरकोळ खेळ करीत हिंडत होती, आणि एकदा तर निर्धन मनोरुग्णांच्या आश्रमात क्रिकेटचा सामना खेळून त्याबरोबरच त्यांनी नाटकही केले होते. केंब्रिजात १८५५ पासून दुसरे एक नाट्यमंडळ होते. परंतु त्यात मुख्यत्वे ट्रिनिटी कॉलेजचे विद्यार्थी असत, व त्याच्या नाट्यगृहात शंभरेक माणसेच मावत. नव्या मंडळाने शहरातील सार्वजनिक नाट्यगृह घेऊन गावकऱ्यांसाठी दारे उघडली. म्हणजे हे मंडळ जन्मास आले ते एका कॉलेजच्या कोंडाळ्यातून बाहेर पडण्याच्या इच्छेने. पुढे ते स्वतःच एक कोंडाळे झाले, हा भाग निराळा.

आरंभी हे मंडळ प्रचलित हास्यनाटके करी. कालांतराने त्याने 'रेव्ह्यू' हा प्रकार आपलासा केला. या प्रकारात सलग कथानक नसते. पाचदहा मिनिटांची नाटुकली, गाणी, एकपात्री भाषणे, विडंबने यांची ती माळ असते. आणि वर्षाच्या अखेरीस, परीक्षा संपल्यावर, केंब्रिजात 'मे सप्ताह' म्हणून जो उत्सव प्रत्यक्षात जूनमध्ये होतो, त्यात ती सादर होते. परंतु मंडळाचे खरे रहस्य या वार्षिक प्रयोगात नसून वर्षभर होणाऱ्या लहान बैठकींत आहे. त्यांना 'स्मोकर' म्हणतात. पूर्वीच्या काळी सभासद धूम्रपान करीत बसत आणि एकेक जण उठून आपले नवे नाटुकले करून दाखवी, त्यावरून हे नाव. समोर बसलेले सर्व त्याच व्यवसायातले, म्हणजे हसविण्यास सर्वांत कठीण. जे तेथे पडले ते विसरले जाई. जे टिकले ते घासूनपुसून पुन्हा येई. अशा रीतीने जून उजाडेपर्यंत प्रत्येक नाटुकले प्रेक्षकांसमोर अनेकदा तावूनसुलाखून निघालेले असे.

या पद्धतीचे फळ १९५० नंतरच्या पंधरा वर्षांत एकदम दिसले. जोनाथन मिलर आणि पीटर कुक हे दोघे फुटलाइट्सचे, व ॲलन बेनेट आणि डडली मूर हे ऑक्सफर्डचे. या चौघांनी १९६० मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात 'बियाँड द फ्रिंज' हा प्रयोग केला. त्यात पंतप्रधान, धर्मोपदेशक, महायुद्धाच्या वीरकथा अशा तोवर अस्पर्श्य मानलेल्या विषयांची निर्भय टिंगल होती, आणि ब्रिटिश उपरोधाचे नवे पर्व तेथून मोजले जाते. मंडळाचा १९६३ चा रेव्ह्यू पुढे 'केंब्रिज सर्कस' या नावाने लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर व १९६४ मध्ये न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला. त्यात जॉन क्लीझ, ग्रॅहम चॅपमन, टिम ब्रुक-टेलर, बिल ऑडी ही मंडळी होती. त्यांतील डेव्हिड हॅच आणि प्रयोगाचा दिग्दर्शक हंफ्री बार्कली यांना बीबीसी रेडिओने घेतले, व त्यांनी आपल्या जुन्या सोबत्यांना ध्वनिक्षेपकापुढे आणले. दूरचित्रवाणीवर ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालेल्या 'माँटी पायथन'चे क्लीझ, चॅपमन व एरिक आयडल हे तिघे या एकाच मंडळातून आलेले. पुढे १९८१ मध्ये स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी, एमा टॉमसन आदींच्या 'द सेलर टेप्स' या रेव्ह्यूस एडिंबरोचे पहिले पेरिये पारितोषिक मिळाले.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. ही परंपरा एका श्रीमंत विद्यापीठाच्या आश्रयाने वाढली, आणि एका मित्रमंडळीने आपल्याच मित्रांना नोकऱ्या दिल्या, हा आक्षेप ब्रिटनमध्ये वारंवार घेतला गेला आहे आणि तो खोटा नाही. स्त्रियांना तर मंडळाचे सभासदत्व १९६४ पर्यंत नव्हते. एलिनॉर ब्रॉन हिने १९५९ च्या प्रयोगात काम केले, ते सभासद नसताना. सभासदत्व खुले झाल्यावर आलेल्या पहिल्या स्त्रियांत जर्मेन ग्रिअर होती. सर्वस्वी स्त्रियांनी केलेला रेव्ह्यू व्हावयास मात्र १९८० साल उजाडावे लागले. म्हणजे ऐंशी वर्षे या मंडळातील बायका हे बहुधा पुरुषच असत, आणि पुरुषाने लुगडे नेसले, म्हणजे तिकडच्या भाषेत झगा घातला, की हशा ठरलेला, या स्वस्त युक्तीवर पुष्कळ काळ निभावले गेले.

या युक्तीचा एक धागा थेट मराठीशी येऊन भिडतो. ब्रँडन टॉमसच्या १८९२ मधील 'चार्लीज आँट' या प्रहसनाचे नायक म्हणजे ऑक्सफर्डचे दोन विद्यार्थी. प्रेयसींना घरी बोलवावयाचे तर वडीलधारी स्त्री हजर हवी. ठरलेली मावशी येईना, म्हणून मित्रालाच मावशी बनविले जाते. आचार्य अत्र्यांनी १९४७ मध्ये त्याची 'मोरूची मावशी' केली. १९८५ नंतर विजय चव्हाणांच्या मावशीने ते नाटक पुन्हा उभे केले आणि नव्या पिढीस ते त्यांच्याच नावाने परिचित झाले. विद्यार्थिजीवनावरील इंग्रजी प्रहसन मराठी व्यावसायिक रंगभूमीचा ठेवा व्हावे आणि आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र स्वतःच्या जीवनावर तसे प्रहसन न रचावे, हे चमत्कारिक खरे.

आता आपल्याकडे वळू. फुटलाइट्ससारखी संस्था नाही, तरी तिच्या जवळचे उदाहरण शोधावयाचे तर ते पुण्यात, आणि तेही वैद्यकीय महाविद्यालयात सापडते. बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत असताना श्रीराम लागू नाटकांत कामे करीत. पुढे भालबा केळकर व इतर सोबत्यांसह त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन' ही हौशी संस्था वाढविली. त्यांच्यामागून त्याच महाविद्यालयातून जब्बार पटेल आले, मोहन आगाशे आले. सतीश आळेकर फर्ग्युसनमध्ये शिकलेले, पण जीवरसायनशास्त्रातील कामानिमित्त बी. जे. मध्येच होते. केंब्रिजमधील मिलर, चॅपमन आणि ग्रेम गार्डन हेही वैद्यकाचे विद्यार्थी. हा योगायोग समजून सोडून द्यावा असे मला वाटत नाही. वैद्यकाचा अभ्यासक्रम लांब असतो. पदवी, निवासी उमेदवारी, पदव्युत्तर शिक्षण मिळून विद्यार्थी एकाच आवारात आठ-दहा वर्षे राहतो. कला वा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तीन वर्षांत येतो आणि जातो. त्याला नाटक कळू लागते तेव्हा त्याच्या हाती गुणपत्रिका पडते. विनोदाचे कसब हाताखाली उमेदवारी करून शिकावयाचे असते, आणि उमेदवारीस ज्येष्ठ व कनिष्ठ एकत्र असावे लागतात. शिवाय रोज मृत्यू पाहणाऱ्यास विनोदाची जी गरज भासते ती वेगळी असते. पण तो तर्क मी पुढे रेटणार नाही.

या पुणेरी वर्तुळास जोर दिला तो 'पुरुषोत्तम करंडक' स्पर्धेने. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती रंगते. नेपथ्य व प्रकाशाच्या भपक्यापेक्षा लेखन, दिग्दर्शन व अभिनय यांस महत्त्व देण्याचे तिचे धोरण आहे, आणि पुण्यातील विद्यार्थिजीवनात तिचे जे स्थान आहे ते बाहेरच्यास सांगून कळावयाचे नाही. 'आवाज कुणाचा' या घोषणेने नाट्यगृहाचे छप्पर हादरते, त्यात अर्धी अधिक गंमत असते. मराठी रंगभूमीला गेल्या सहा दशकांत मिळालेल्या नटांची व दिग्दर्शकांची यादी केली, तर तिच्यात या स्पर्धेतून गेलेल्यांची संख्या डोळ्यांत भरेल.

पुण्याच्या या मंडळींकडून विनोदास काय मिळाले? उत्तर 'घाशीराम कोतवाला'पासून द्यावे लागेल. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आले. त्यातील आगाशे यांचा नाना हा हास्यास्पद आणि भयंकर एकाच वेळी आहे. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या धुरिणांनी ते थांबविले. तेव्हा तरुण सभासद बाहेर पडले आणि त्यांनी २७ मार्च १९७३ रोजी 'थिएटर अकॅडमी' स्थापिली. पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९७४ रोजी, या नव्या संस्थेने आळेकरांचे 'महानिर्वाण' केले. चाळीतील भाऊराव मरतो. जुन्या स्मशानातच दहन व्हावे असा हट्ट धरून त्याचे प्रेत खोळंबून राहते. आणि मेलेला माणूसच कीर्तनकाराच्या थाटात आपल्या मरणाचे आख्यान लावतो. चंद्रकांत काळे यांनी साकारलेला हा भाऊराव ज्यांनी पाहिला त्यांना हसावे की दचकावे हे कळले नाही. मध्यमवर्गीयांच्या सर्वांत गंभीर संस्कारावर, त्यांच्याच कीर्तनपरंपरेचा आधार घेऊन केलेला हा विनोद मराठीत अपूर्व होता. त्याची मुळे व्यावसायिक विनोदी नाटकात नाहीत; ती एकांकिका करणाऱ्या, प्राध्यापकांच्या व आप्तांच्या नकला करणाऱ्या, कीर्तन कानावर पडत वाढलेल्या महाविद्यालयीन तरुणांच्या संभाषणात आहेत, असे माझे मत आहे.

पण 'महानिर्वाण' झाले ते महाविद्यालय सुटल्यावर, स्वतःची संस्था काढल्यावर. स्पर्धेने या मंडळींना एकत्र आणले. विनोद पिकला तो संस्थेच्या छायेत, पुनःपुन्हा प्रयोग करण्याची सोय झाल्यावर. स्पर्धा आणि संस्था यांतील भेद येथे हाताला लागतो.

विनोदाचे एक तांत्रिक वैशिष्ट्य आहे. करुण प्रसंग तालमीत बराचसा सिद्ध होऊ शकतो. कारण त्याची लय नटाच्या हाती असते. विनोदी प्रसंगाची निम्मी लय प्रेक्षकाच्या हाती असते. कोणत्या शब्दावर हशा येईल, तो किती वेळ टिकेल, त्यात पुढचे वाक्य बुडेल की त्याच्या उतरणीवर स्वार होईल, हे दिग्दर्शक खोलीत बसून ठरवू शकत नाही. आठ-दहा वेळा निरनिराळ्या प्रेक्षकांसमोर पडून उठल्यावाचून विनोदी नाटुकले बांधले जात नाही. स्पर्धेची रचना नेमकी याच्या विरुद्ध असते. दोन महिने तालीम, प्राथमिक फेरीचा एक प्रयोग, निभावले तर अंतिम फेरीचा एक. मग ती एकांकिका बहुधा संपली. समोरच्या प्रेक्षकांत निम्मे आपले, निम्मे प्रतिस्पर्धी. एक बाजू वाक्यापूर्वीच हसते, दुसरी हसू आले तरी दाबते. अशा स्थितीत शहाणा दिग्दर्शक करुणाचा आश्रय घेतो यात नवल नाही.

परीक्षकांचीही यात काही जबाबदारी आहे. 'आशय' हा शब्द आपल्या नाट्यसमीक्षेत गांभीर्याचा पर्याय झाला आहे. हसविणाऱ्या एकांकिकेस 'करमणूक चांगली' असे म्हणून अभिनयाचे एखादे बक्षीस द्यावयाचे व करंडक दुसरीकडे न्यावयाचा, हा अनुभव विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. पुरुषोत्तम स्पर्धेत २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र नसल्याचा निर्णय दिला, तेव्हा वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. ती मुख्यतः विद्यार्थ्यांच्या लेखनाचा दर्जा, वाचनाचा अभाव आणि परीक्षकांची कठोरता या भोवती फिरली. निर्णयाची योग्यायोग्यता हा येथील विषय नव्हे. परंतु वर्षभर लहानसहान प्रयोग करून चुकण्याची मुभा कोणत्या महाविद्यालयाने या मुलांना दिली होती, हा प्रश्न त्या चर्चेत जितका पुढे यावयास हवा होता तितका आला नाही.

स्पर्धांच्या जगातही याची जाणीव नव्हती असे नाही. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानने भरविलेली 'सवाई' एकांकिका स्पर्धा पाहावी. इतर स्पर्धांत बक्षीस मिळविलेल्या एकांकिकाच तेथे येतात, आणि अंतिम फेरी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वरात्री सुरू होऊन रात्रभर चालते. तेथे पोहोचेपर्यंत एकांकिकेचे अनेक प्रयोग झालेले असतात. म्हणून 'सवाई'त विनोदी एकांकिका अधिक नेटक्या वाटतात, असे मला अनेकदा जाणवले आहे. पहाटे तीन वाजता जागरणाने तारवटलेल्या प्रेक्षागृहास हसविणे ही कसोटी केंब्रिजच्या 'स्मोकर'पेक्षा सौम्य म्हणता येणार नाही.

रेव्ह्यूचे रूप मराठीत मुळीच आले नाही, असेही नव्हे. ते एका माणसाच्या प्रतिभेने आले. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी व मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगभूमीवर उभी केली आणि १९६२ मध्ये 'वाऱ्यावरची वरात' काढली. नाटुकली, गाणी, भाषणे, विडंबने यांची माळ आणि ती ओवणारा एक निवेदक, हा 'वराती'चा घाट रेव्ह्यूच्या अगदी निकटचा आहे. फरक इतकाच की, फुटलाइट्समध्ये मंडळ कायम राहते व माणसे बदलतात. आपल्याकडे माणूस थोर होता, आणि मंडळ त्याच्याभोवती जमले व त्याच्याबरोबर पांगले. स्नेहसंमेलनांतून 'वराती'चे प्रवेश पिढ्यान्‌पिढ्या केले गेले. अनुकरण झाले, परंतु ज्या घाटात आपले नवे भरावयाचे तो घाट म्हणून विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

तो घाट अखेरीस उचलला तो दूरचित्रवाणीने. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये व 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये सुरू झाली. यांतील दहा-बारा मिनिटांच्या नाटुकल्यास 'स्किट' म्हणतात आणि पुष्कळदा 'प्रहसन'ही म्हणतात. पौराणिक खेळाच्या शेपटास चिकटलेला फार्स दीडशे वर्षांनी मुख्य खेळ झाला आहे. त्यातील अनेक कलावंत एकांकिका स्पर्धांतून आलेले आहेत. तेथे त्यांना आठवड्यास नवे लेखन, नेमका वेळ आणि प्रत्यक्ष समोर बसलेला श्रोता मिळाला. म्हणजे महाविद्यालयाने जी तालीम द्यावयास हवी होती ती बाजाराने दिली. बाजाराची तालीम कसून होते, पण तिच्यात पडून शिकण्यास वाव नसतो. आणि जाहिरातदारास अप्रिय होईल असा विषय तेथे घेता येत नाही. 'बियाँड द फ्रिंज'ची निर्भयता विद्यार्थ्यांच्या मंडळातून आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शहाड-कल्याणकडील परिस्थितीचा थोडा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. कल्याणात अत्र्यांच्या नावाचे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचे आणि ठाण्यात १९७८ पासून गडकऱ्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तिन्ही मोठी, आणि म्हणून विद्यार्थ्यांच्या तीस-चाळीस प्रेक्षकांच्या प्रयोगास निरुपयोगी. लागते ती वर्गाएवढी खोली, दोन दिवे आणि सायंकाळचे दोन तास. सायंकाळ हीच येथील खरी अडचण. कसारा मार्गावरील मुलास घरी पोहोचण्याची चिंता असते, मुलीस तर अधिकच, आणि पुष्कळांना शिकत असतानाच अर्धवेळ नोकरी असते. केंब्रिजचा विद्यार्थी कॉलेजच्या आवारातच राहतो. आपला लोकलच्या वेळापत्रकात राहतो. पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन पिकविलेला हशा आपल्या संमेलनांत इतका का टिकला, याचे एक कारण या वेळापत्रकात आहे. तालमीस मुली थांबू शकत नाहीत. मग त्यांच्या भूमिका मुलेच करतात आणि त्या भूमिका तशाच लिहिल्या जातात. नाट्यमन्वंतराने १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' करताना स्त्रीभूमिका स्त्रियांना देऊन जो प्रश्न मिटविला, तो संमेलनाच्या प्रहसनात मागल्या दाराने परत येतो.

या विषयाच्या संशोधनातील मोठी उणीव साधनांची आहे. स्पर्धेत गाजलेल्या गंभीर एकांकिका छापल्या जातात, अभ्यासक्रमात लागतात. संमेलनांतील प्रहसने वहीच्या पाठपोट लिहिलेल्या पानांवर असतात आणि जूनमध्ये रद्दीत जातात. महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत मात्र संमेलनाचा वृत्तान्त, पात्रांची नावे, क्वचित छायाचित्र आणि 'शेलापागोट्यां'ची निवड छापलेली आढळते. निदान ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयांचे असे अंक ग्रंथालयांच्या कपाटांतून काढून त्यांतील नाट्यविषयक नोंदींची वर्षवार सूची करणे, हे पदव्युत्तर प्रबंधिकेस पुरेल एवढे काम आहे. ते करताना त्या त्या वर्षी संमेलनात काय झाले आणि स्पर्धेस काय गेले, या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या; आरंभी वर्णिलेली विभागणी कोणत्या दशकात पक्की झाली, हे त्यांवरून ठरविता येईल.